लॅपटॉपशिवाय इलेक्ट्रॉनिक संगीत: पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

रील बघताना कधीतरी हे दिसलं असेल: कॅल्क्युलेटरएवढं एक यंत्र, त्यावर बोटं चालतात आणि एकदम बीट सुरू होतो. लॅपटॉप नाही, स्टुडिओ नाही. कमेंटमध्ये प्रश्न ठरलेला असतो, ‘भाऊ, हे काय आहे, केवढ्याला मिळतं?’ मग शोध सुरू होतो. दहा व्हिडिओ बघून झाले की चाळीस हजारांचं मशीन हप्त्यावर घ्यायची इच्छा होते.

थोडं थांबा. मी मोशीत दोन रूममेटसोबत राहतो, चाकणला शिफ्टमध्ये काम करतो आणि उरलेल्या वेळात छंद म्हणून अशा यंत्रांवर संगीत करतो. एवढ्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. यूट्यूबवर मशीनची फीचर्स मोजतात, पण आपल्या भागात मशीन टिकेल की कपाटात पडेल हे आपली खोली, शिफ्ट आणि सेल ठरवतात. म्हणून हा लेख परदेशी ‘टॉप टेन’ यादीसारखा नाही. भोसरी, पिंपरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात राहणाऱ्या आणि पगारातून किंवा अप्रेंटिसच्या विद्यावेतनातून पैसे बाजूला काढणाऱ्यांसाठी लिहिलाय.

आधी चार शब्द समजून घेऊ

सिंथेसायझर: विजेवर सूर तयार करणारं यंत्र. नॉब फिरवून आवाजाचा पोत बदलता येतो.

ड्रम मशीन: ठेका वाजवणारं यंत्र.

सॅम्पलर: बाहेरचा कुठलाही आवाज रेकॉर्ड करून तो वाद्यासारखा वाजवणारं यंत्र. टाळ, हॉर्न, आजीची हाक, काहीही चालतं.

ग्रूव्हबॉक्स: वरच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकाच डब्यात.

या सगळ्यांत एक समान भाग असतो, सीक्वेन्सर. साधारण १६ खाने असतात आणि यंत्र एकामागून एक खान्यावरून फिरत राहतं. ज्या खान्यात तुम्ही आवाज ठेवाल तिथे तो वाजतो. १, ५, ९, १३ या खान्यांत किक ठेवा, ५ आणि १३ वर टाळी ठेवा, ३, ७, ११, १५ वर हाय-हॅट ठेवा. झाला डान्स बीट. वेग १२० बीपीएम असेल तर १६ खान्यांची एक फेरी बरोबर २ सेकंदांत पूर्ण होते.

‘स्टँडअलोन’ म्हणजे हे सगळं करायला कॉम्प्युटर किंवा फोन लागत नाही. मशीन, हेडफोन आणि तुम्ही, एवढंच.

फोन असताना वेगळं मशीन कशाला?

प्रश्न योग्य आहे, आणि खरं उत्तर असं की सुरुवात फोनवरच करा. आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. कोआला सॅम्पलर अँड्रॉइडवरही चालतं आणि कुठल्याही मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. तीन-चार आठवडे रोज अर्धा तास द्या. फक्त वायरवाले इअरफोन वापरा. बऱ्याच ब्लूटूथ इअरबड्समध्ये आवाज ०.१ ते ०.३ सेकंद उशिरा येतो. १२० बीपीएमला एक खाना ०.१२५ सेकंदांचा असतो, म्हणजे तुम्ही एका खान्यावर बोट मारता आणि आवाज पुढच्या खान्यावर ऐकू येतो. मग आपल्यालाच लय नाही असं वाटायला लागतं. दोष मात्र इअरबड्सचा असतो.

या आठवड्यांत स्वतःकडे लक्ष द्या. सगळा वेळ ठेका बसवण्यात जातोय? सूर शोधण्यात जातोय? की नवे आवाज रेकॉर्ड करण्यात? कोणतं मशीन घ्यायचं ते यावरून ठरणार आहे. आणि चार आठवड्यांत चार वेळाच ॲप उघडलं असेल, तर पैसे वाचले म्हणून आनंद माना.

मग फोनवर काय कमी पडतं? दोन गोष्टी. एक म्हणजे स्पर्श. नॉब हातात असला की डोळे मिटूनही आवाज वळवता येतो, काचेवर ते जमत नाही. दुसरी म्हणजे नोटिफिकेशन. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला खोलीवर आलात, झोपायच्या आधी अर्धा तास हातात आहे. बीट करायला फोन उघडला की ग्रुपवरचे मेसेज दिसतात आणि तो अर्धा तास गेला. मशीनवर मेसेज येत नाहीत. माझ्या मते मशीनवर पैसे घालायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

स्वस्त यंत्र आणि मुंबईचा एक कलाकार

‘स्वस्त मशीनवर खरं संगीत होतं का?’ असं विचारणाऱ्याला मी चरणजित सिंग यांचं नाव सांगतो. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे हे मुंबईचे कलाकार. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवलेला एक अल्बम केला. त्यासाठी रोलँड कंपनीची तीन यंत्रं वापरली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बास वाजवणारं छोटं चंदेरी यंत्र.

अल्बम फारसा चालला नाही. टीबी-३०३ सुद्धा चाललं नाही. ते बनवलं होतं गिटारवादकाला बासची साथ द्यायला, पण तो आवाज खऱ्या बाससारखा वाटत नव्हता. कंपनीने १९८४ मध्ये ते बंद केलं आणि जुनी यंत्रं पडत्या भावात विकली जाऊ लागली. शिकागोतल्या तरुणांनी ती घेतली, नॉब वाटेल तसे पिळले आणि त्यातून ‘ॲसिड हाऊस’ नावाचा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. फ्यूचर या ग्रुपची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ ची. २०१० मध्ये चरणजित सिंगांचा अल्बम परदेशात पुन्हा निघाला तेव्हा लोक थक्क झाले. तसाच आवाज मुंबईत पाच वर्षं आधी निघाला होता!

तो आवाज रागाला का जमला? टीबी-३०३ मध्ये ‘स्लाइड’ आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. आपल्या कानाला मींड लागते ती तिथे मिळाली. हा मुद्दा लक्षात ठेवा, यादीत पुन्हा येणार आहे.

घेण्याआधी या पाच गोष्टी तपासा

१. विजेशिवाय चालतं का? आपल्या पट्ट्यात एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि महावितरणची देखभाल-दुरुस्तीही बहुधा गुरुवारीच निघते. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला वेळ, त्याच दिवशी वीज नाही. शिवाय शेअरिंगच्या खोलीत प्लगपॉइंट एक आणि चार्जर तीन. सेलवर किंवा आतल्या बॅटरीवर चालणारं मशीनच घ्या.

२. हेडफोनचं होल आहे का? नाइट शिफ्टवाला रूममेट दुपारी झोपलेला असतो. स्पीकर असणं चांगलं, पण हेडफोनशिवाय चालणारच नाही. यात बहुतेक मशीनला ब्लूटूथ नसतं, त्यामुळे ३.५ एमएमचा वायरवाला हेडफोन लागणार.

३. केलेलं काम साठतं का, आणि काय काय साठतं? काही मशीन सुरावट साठवतात पण नॉब कुठे होते ते साठवत नाहीत. दुसऱ्या दिवशी आवाज वेगळाच येतो.

४. खान्यांची संख्या बदलता येते का? पाश्चात्त्य डान्स संगीत १६ खान्यांत बसतं, तीनतालही बसतो. पण दादऱ्याच्या ६ मात्रांचं काय? त्यासाठी फेरी १२ खान्यांची करता आली पाहिजे: एका मात्रेला दोन खाने, सम पहिल्या खान्यावर, खाली सातव्यावर. रूपकाला १४ खाने हवेत. आपल्या कितीतरी गाण्यांची चाल ६ मात्रांची असते, त्यामुळे हे आधी बघाच.

५. सूर घसरतो का? माहितीत ग्लाइड, स्लाइड किंवा पोर्टामेंटो हा शब्द शोधा. तो नसेल तर मींड विसरा.

या पाचांच्या वर माझी एक कसोटी आहे: एकाच डब्यात, दुसरं काही न जोडता, एक-दीड मिनिटाचा तुकडा पूर्ण होतो का? पहिलं मशीन असंच हवं. नाहीतर ‘अजून एक घेतलं की जमेल’ हे चक्र सुरू होतं आणि ते पगार खातं.

आता मशीन एकेक करून

पॉकेट ऑपरेटर पीओ-३३: स्वीडनच्या टीनेज इंजिनिअरिंग कंपनीचा हा सॅम्पलर २०१८ मध्ये आला. रीलमधलं कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा हेच किंवा याचं भावंड असतं. दोन ट्रिपल-ए सेल, आत माइक, छोटा स्पीकर, हेडफोनची जागा. मेमरी ४० सेकंदांची. कमी वाटते, पण एका ठोक्याला अर्धा सेकंदही लागत नाही. आठ जागा सुरासाठी, आठ ठेक्यासाठी. पॅटर्न १६, आणि ते एकामागे एक जोडता येतात, त्यामुळे आमची डब्याची कसोटी पास. उणीव अशी की सर्किट बोर्ड उघडाच असतो. बॅगेत टिफिनशेजारी ठेवणार असाल तर कव्हर घ्या. आणि हे १६ खान्यांवर बेतलेलं यंत्र आहे, हेही ध्यानात ठेवा.

कॉर्ग व्होल्का: २०१३ मध्ये कीज, बास आणि बीट्स अशी तीन आली, पुढे बरीच भावंडं आली. सहा डबल-ए सेलवर चालतात. ‘ॲक्टिव्ह स्टेप’ने नको ते खाने बंद करता येतात, म्हणजे १६ चे १२ झाले आणि दादरा बसला. कीजमध्ये पोर्टामेंटो आहे, बासमध्ये स्लाइड आहे. पण प्रत्येक व्होल्का एकच काम करतो. कीज सूर देईल, ठेका देणार नाही. आणि कीज-बासमध्ये नॉबच्या जागा साठत नाहीत. मी नॉबचा फोटो काढून ठेवतो, सोपा उपाय आहे.

रोलँड टी-८: २०२२ मध्ये आलेल्या आयरा कॉम्पॅक्ट मालिकेतलं. ८०८, ९०९, ६०६ यांच्या धर्तीचे ठेके आणि सोबत ३०३ च्या धर्तीचा बास. चरणजित सिंगांच्या तीनपैकी दोन यंत्रांचा आवाज आता तळहातावर मावतो! बॅटरी आतच, यूएसबी-सीने चार्ज होते, म्हणजे फोनचाच केबल चालेल. ३२ खान्यांपर्यंत पॅटर्न करता येतो. स्पीकर नाही. बटणं बारीक आहेत आणि बरीच कामं दोन बटणं एकत्र दाबून होतात, त्यामुळे पहिला आठवडा मॅन्युअल जवळ लागेल. याच मालिकेत माइकवाला सॅम्पलर हवा असेल तर २०२४ चा पी-६ बघा.

नोव्हेशन सर्किट ट्रॅक्स: २०२१ चा ग्रूव्हबॉक्स. दोन सिंथ, चार ड्रम, बॅटरी साधारण चार तास, ३२ खान्यांचे पॅटर्न आणि लांबी बदलता येते. अख्खं गाणं उभं राहतं. पण अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा टी-८ सुमारे २०० डॉलरला होतं आणि हे सुमारे ४०० ला. आपल्याकडे त्यावर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी चढतो, पण प्रमाण साधारण तेच राहतं. छंद वर्षभर टिकला तरच इकडे या.

ऑक्टापॅड आणि कीबोर्ड या यादीत का नाहीत?

आपल्याकडे स्टँडअलोन इलेक्ट्रॉनिक वाद्य नवीन नाही. ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, लग्नाची वरात, सगळीकडे ऑक्टापॅड दिसतो. त्यातलं गाजलेलं मॉडेल रोलँडचं एसपीडी-२०, आठ पॅडवालं. माणसांसमोर वाजवायचं असेल तर ते उत्तमच. पण काठीने पॅड बडवल्याचा आवाज हेडफोन लावला तरी खालच्या मजल्यावर जातो. आणि आपल्याला हवं तसं खान्यांत ठेका लिहून ठेवला की आपोआप फिरत राहणं, हे त्याचं कामच नाही. तो वाजवणाऱ्याचा आहे, आपण रचणाऱ्याचं मशीन शोधतोय.

कॅसिओ-यामाहाचे भारतीय आवाजांचे कीबोर्ड शिकायला छान. यामाहाच्या पीएसआर-आय५०० मध्ये तर तानपुरा-तबल्याची रियाजाची सोय आहे. ज्यांना बोटांनी सूर वाजवायला शिकायचंय त्यांनी खुशाल तिकडे जावं. फक्त ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड कॉटवर ठेवला की झोपायचं कुठे, ते आधी ठरवा.

आवाज आपल्याच पट्ट्यातले घ्या

सॅम्पलर घेतलात तर इंटरनेटवरचे सॅम्पल पॅक विकत घेऊ नका. आपल्याइतके आवाज कुणाकडे आहेत? चाकण चौकात रिव्हर्स घेणाऱ्या ट्रेलरचा बीप. आळंदीत इंद्रायणीच्या घाटावरचे टाळ. गणपतीच्या आधी महिनाभर चालणारी ढोल पथकाची प्रॅक्टिस. पत्र्याच्या शेडवरचा पाऊस.

वर्कशॉपमधल्या प्रेसचा ठोका रस्त्यावरून ऐकू येतो, त्याचं गणित सोपं आहे. मिनिटाला ४५ ठोके पडत असतील तर मशीनचा वेग ९० बीपीएम ठेवा. प्रेस दर दुसऱ्या मात्रेवर पडेल आणि मधल्या जागेत तुम्हाला हवं ते भरता येईल.

एक सूचना मात्र पाळा: कंपनीच्या आत रेकॉर्डिंग करू नका. बऱ्याच प्लांटमध्ये गेटवरच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात किंवा फोन जमा करतात. मग आत माइकवालं यंत्र सापडलं तर सिक्युरिटी ‘हे संगीतासाठी आहे’ हे ऐकून घेणार नाही. छंदापायी नोकरी जाईल असं काही करायचं नाही. आवाज बाहेरही भरपूर आहेत.

किमतीत न दिसणारा खर्च

- सेल: साधे सेल सारखे आणण्यापेक्षा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल आणि चार्जर एकदाच घ्या.
- अडॅप्टर: व्होल्काचा ९ व्होल्टचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. इथे नीट लक्ष द्या. व्होल्काला पिनच्या मध्यभागी धन लागतो, गिटार पेडलच्या अडॅप्टरला मध्यभागी बहुधा ऋण असतो. व्होल्ट जुळले म्हणून खुपसू नका. आयटीआय झालेल्यांना मल्टिमीटर माहीत आहेच, एकदा लावून बघा.
- रेकॉर्डिंगची वायर: फोनच्या नुसत्या हेडफोन होलमध्ये मशीनची वायर लावून रेकॉर्डिंग होत नाही, कारण तिथला माइकचा संपर्क वेगळा असतो. आवाज आत घेणारा यूएसबी-सी ऑडिओ अडॅप्टर घ्या. अशा वायरी आणि जॅक पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. पिंपरीहून मेट्रोने मंडईला उतरलात की थोडं चालायचं.

सेकंड हँड घेताना

जुनं मशीन घ्यायला हरकत नाही, टीबी-३०३ ची गोष्ट वाचलीच आहे. पण समोर बसून तपासा. सेलची जागा उघडा. स्प्रिंगवर हिरवी-पांढरी पूड दिसली तर सेल गळलेले आहेत. प्रत्येक बटण दाबा. प्रत्येक नॉब हळू फिरवा, खरखर येते का ऐका. हेडफोनची पिन हलवून दोन्ही कानांत आवाज राहतो का बघा. स्वतःचे सेल घेऊन जा. पॅटर्न साठवा, मशीन बंद करून परत चालू करा, तो तिथेच आहे का बघा.

आणि ॲडव्हान्स पाठवू नका. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, अर्धे पैसे टाका, कुरिअर करतो’ ही जुनी फसवणूक आहे. पैसे मिळण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, हे विकतानाही लक्षात ठेवा.

मग नक्की काय घेऊ?

- आवाज गोळा करायला आवडतं आणि बजेट कमी आहे: पीओ-३३.
- सूर, मींड, नॉब पिळायला आवडतं: व्होल्का कीज किंवा बास, आणि ठेक्यासाठी सध्या फोनवरचं ॲप.
- ठेका आणि बास दोन्ही एका डब्यात हवेत: टी-८.
- वर्षभर नियमित करताय आणि पूर्ण गाणी करायची आहेत: सर्किट ट्रॅक्स, शक्यतो सेकंड हँड.
- अजून ठरत नाहीये: काहीच घेऊ नका, फोनवर अजून एक महिना काढा.

हप्त्यावर घेऊ नका, एवढं मात्र आग्रहाने सांगतो. कंत्राट सहा-सात महिन्यांचं आणि हप्ते बारा महिन्यांचे, हे गणित आपल्यापैकी कितीतरी जणांचं चुकतं. ब्रेक मिळाला की मशीन आधी विकलं जातं, आणि घाईत विकलं की भाव पडतो. रोखीने परवडेल तेवढंच घ्या. दोन सेलवर चालणारं आपलं छोटं यंत्र कंत्राट संपलं तरी आपलंच राहतं.

मशीन घेतल्यावर पहिला महिना स्वतःला एकच काम द्या: दर गुरुवारी एक मिनिटाचा एक तुकडा पूर्ण करायचा. चांगला नाही झाला तरी चालेल, पूर्ण व्हायला हवा. चार गुरुवारांनी तुमच्याकडे चार तुकडे असतील. पुढचं मशीन हवंय की नकोय, हे ते चार तुकडे ऐकूनच ठरवा. आणि काही अडलं तर कुठलं मशीन आहे ते लिहून खाली कमेंटमध्ये विचारा.